काळ्या खडकामागे काय आहे?

फार जुनी गोष्ट. डोंगर जिथे समुद्राला टेकतो, तिथल्या एका गावाला एक गुणी किनारा लाभला होता. बाहेर लाटा कितीही उसळोत, खडकांच्या रांगेआड पाणी तळ्यासारखं निवांत असे. लहान मुलंही तिथे निर्धास्त डुंबत. डोळ्यांवर काचेचा चष्मा बांधायचा, तोंडात श्वासाची नळी धरायची आणि पालथं तरंगत राहायचं, की खाली पोवळ्यांची झाडं दिसत, पिवळे-निळे मासे दिसत. पाहुण्यांना हे सगळं दाखवायचं काम गावातली एक नावाडीण करी.

एकदा घाटावरच्या शहरातून सोन्याचा एक पारखी तिथे आला. सोबत बायको होती आणि वेणू नावाची मुलगी. खोटं सोनं हुडकण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे त्याला माणसंही खोटीच वाटत. शांत पाणी पाहूनसुद्धा तो पुटपुटला, "यात काहीतरी काळंबेरं आहे."

"अहो, समुद्र निवांत आहे, त्यातही काळंबेरं?" बायकोने विचारलं.

तेवढ्यात नावाडीण म्हणाली, "कुठेही पोहा. फक्त त्या काळ्या खडकामागे जाऊ नका."

"का? काय आहे तिथे?"

"काही नाही. जाऊ नका, एवढंच."

बोलताना तिने नजर चुकवली. पारख्याने ते बरोबर टिपलं.

सगळे पाण्यात उतरले. "बाबा, कासव! गाईसारखं गवत खातंय बघा!" वेणू आनंदाने ओरडली. पण बाबांचं डोकं पाण्याबाहेरच होतं. ते नावाडिणीवर डोळा ठेवून होते. ती एकटीच खडकामागे गेली, पाण्यात वाकली आणि इकडेतिकडे बघत परत आली.

"मोती लपवलेत तिने," पारखी बायकोला म्हणाला.

"मग सरळ विचारा ना तिला."

"चोर कधी खरं सांगतो?"

नावाडीणही त्याला निरखत होती. 'हा माणूस मासे बघायला आलेला नाही,' असं मनाशी म्हणत तिने होडी खडकाच्या जवळ आणून लावली. ते पाहून पारख्याची खात्रीच पटली.

दुपारी मायलेकींना शहाळी काढून द्यायला नावाडीण किनाऱ्यावर गेली. पारख्याने संधी साधली. तो खडकामागे पोहत गेला आणि त्याने पाण्यात डोकं घातलं. खाली, हाताच्या अंतरावर, एक कपार होती. तिच्या तोंडाशी दगड आणि शिंपले नीट रचून ठेवले होते. अशी रास आपोआप थोडीच लागते?

त्याने भराभर दगड ओढून काढले. आतल्या अंधारात एक डोळा उघडला. त्याच्याकडे बघू लागला.

एकदम काळीशार शाई फुटली. त्यातून आठ लांब हात सळसळत निघून गेले. ती ऑक्टोपसची मादी होती. शाई विरली तेव्हा पारख्याला कपारीच्या छताला लटकलेल्या पांढऱ्या माळा दिसल्या. मोती नव्हते ते. अंडी होती. प्रत्येक अंड्यात दोन बारीक काळे ठिपके होते. पिल्लांचे डोळे.

आणि मग मासे आले. ज्या पिवळ्या-निळ्या माशांसाठी लोक लांबून येत, तेच मासे झुंडीने माळांवर तुटून पडले.

पारखी हात हलवून त्यांना हाकलू लागला. एका बाजूने हाकलले, तर ते दुसऱ्या बाजूने शिरले. शेवटी डोकं वर काढून तो जिवाच्या आकांताने ओरडला, "बाई, लवकर या! सगळं खाऊन टाकताहेत!"

नावाडीण पोहत आली. तिने एकदा कपारीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"अन्नपाणी सोडून राखत बसली होती ती," नावाडीण म्हणाली. "दारातले दगड तिनेच रचले होते."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मागच्या खेपेच्या पाहुण्यांना सांगितलं होतं. त्यांनी काठीने डिवचून तिच्यासारखीच एक बाहेर ओढली, गंमत म्हणून. तेव्हापासून कुणाला सांगत नाही. आणि तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही विश्वास ठेवला असता?"

पारखी पुन्हा मासे हाकलू लागला.

दोघे कपारीच्या दोन बाजूंना तरंगत राहिले. एकाने मासे हाकलायचे, दुसऱ्याने दम घ्यायचा. अंग गारठलं, बोटं सुरकुतली, तरी कुणी हललं नाही. ऊन उतरलं, तेव्हा खडकाच्या कडेवरून एक लवचीक हात हळूच पुढे आला आणि दगड चाचपू लागला. दोघे श्वास रोखून मागे सरले. आई आत शिरली. उरलेल्या माळांवरून तिने हात फिरवला आणि आतूनच एकेक दगड ओढत दार पुन्हा लावायला घेतलं.

निम्म्या माळा गेल्या होत्या. काचेच्या चष्म्याआड पारखी रडत होता.

"माझंही चुकलं," नावाडीण म्हणाली. "मी लपवलं, म्हणून तुम्ही शोधलं."

दुसऱ्या दिवशी नवे पाहुणे आले. या वेळी नावाडिणीने नजर चुकवली नाही. "खडकामागे एक आई अंडी राखत बसली आहे. तिकडे जाऊ नका," ती म्हणाली. पाहुण्यांनी खडकाकडे एकदा पाहिलं, आवाज खाली आणला आणि होडी स्वतःच दुसरीकडे वळवायला सांगितली.

तात्पर्य म्हणून एवढंच लक्षात ठेवावं: एकाने खरं सांगितलं नाही, दुसऱ्याने सरळ विचारलं नाही, की दोघांच्या संशयात तिसऱ्याच मुक्या जिवाचं घर मोडतं.