बर्फाआडचा किनारा

“ही रेघ कुणी पाहिली?”

जयवंत चमकला. शाबासकीची थाप पडेल म्हणून तो पाठ ताठ करून बसला होता.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर नारोपंत अणावकर समुद्राचे नकाशे तपासत. त्यांची सही झाली की नकाशा छापायला जाई आणि जहाजं त्यावर डोळे मिटून विसंबत. जयवंत त्यांचा शिष्य, दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवरून नुकताच परतलेला. एवढा मोठा नकाशा त्यानं पुढ्यात पसरला, पण पंतांचं बोट नेमकं त्या एका रेघेवर गेलं.

“अलीकडचा-पलीकडचा किनारा मी मोजलाय, पंत. मधे बर्फ होतं. तेवढं अंदाजानं जोडलं.”

“हं...”

“तिथं कोण मरायला जातंय!”

पंतांनी भिंतीवरचा जुना नकाशा दाखवला. तोही ध्रुवाकडचाच. त्यात किनाऱ्याची रेघ मध्येच तुटली होती. पुढे नुसता कागद.

“यांचं अर्धंच राहिलं,” जयवंत जरा तोऱ्यात म्हणाला.

“त्यानं पाहिलं तेवढंच काढलं. दुसरा एक कप्तान होता. त्याला धुक्यात डोंगर दिसले, त्यानं नकाशात काढले. पुढच्यांनी त्या वाटेचा नादच सोडला. पुष्कळ वर्षांनी एकजण गेला...”

“मग?”

“मोकळं पाणी.”

जयवंतची नजर पुन्हा आपल्या रेघेवर गेली.

“कोरं का नाही ठेवलंस?”

“लोक म्हणाले असते, भिऊन परतला.”

“भ्यालास?”

जहाजाच्या कुशीला बर्फ करकरल्याचा आवाज त्याच्या कानात अजून होता. मोहिमेतल्या कुणाजवळ तो हे बोलला नव्हता.

“भ्यालो, पंत. फार भ्यालो.” आणि त्याला रडूच आलं.

पंतांनी त्याचा हात ओढून घेतला. पाण्याची खोली मोजता मोजता थंडीनं काळी पडलेली बोटं त्यांनी एकेक करून कुरवाळली. मग त्याच बोटांत शाई खरवडायचं पातं ठेवलं.

जयवंत खाली मान घालून खरवडत राहिला. हळूहळू रेघ गेली. पंतांनी फुंकर मारून कागद साफ केला आणि खाली सही केली.

“आता तिथं काहीच उरलं नाही,” जयवंत पुटपुटला.

“उरलं की, कोरा कागद. तिथं पोचल्यावर सुकाणूवरचा माणूस जागा होईल.”