मूठभर कोंड्याला विकलेली धोंडी

ज्या डोंगराची सावली दुपार होईपर्यंत अंगणातून हलत नसे, त्या डोंगराच्या पायथ्याशी पांगारवाडी नावाची एक लहानशी वाडी होती. वाडीच्या अगदी टोकाला कुडाच्या भिंतींची एक झोपडी होती आणि तीत येसाई नावाची एक विधवा व तिची एकुलती मुलगी धोंडी राहत असत. येसाई पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावून दोघींचे पोट भरी.

मुलगी तर दिसायला जाईच्या कळीसारखी. मग तिचे नाव धोंडी कसे, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण दुःखाचे आहे. धोंडीच्या आधी येसाईला दोन मुली झाल्या होत्या आणि दोघींनाही पौषातल्या तापाने नेले होते. तेव्हा वाडीतील जाणत्या बायकांनी सांगितले, "गोंडस नावाची मुले मृत्यूच्या डोळ्यांत भरतात. तिसरीचे नाव दगडधोंड्यावरून ठेव आणि तिला मूठभर कोंड्याला विकून टाक. मूल विकलेले पाहिले, की तो दुसऱ्या दाराकडे वळेल." ही त्या वाडीची जुनी रीत होती. विकत घेणारी बाई मूल सुपात घेई, आईच्या पदरात कोंडा टाकी आणि लगेच ते मूल आईच्या ओटीत परत ठेवी. पुढे मूल चालू-बोलू लागले, की आईने त्याला त्या बाईच्या पायांवर घालावे, म्हणजे विक्री फिटली.

परंतु जिच्या दोन मुली दगावल्या, तिचे मूल सुपात घ्यायला वाडीतली एकही बाई पुढे आली नाही. शेवटी येसाईने रानाच्या कडेला राहणाऱ्या झिपरी म्हातारीचे दार ठोठावले. विक्री झाली, मात्र ती फेडायला येसाई कधीच गेली नाही. म्हातारीने मूल ठेवूनच घेतले तर? या एका भयाने तिचे काळीज पोखरून टाकले.

त्या दिवसापासून धोंडीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी झाली. "चुलीजवळ जाऊ नकोस, हात पोळेल. घागर उचलू नकोस, पाय घसरेल. दारात उभी राहू नकोस, नजर लागेल." येसाई तिला घास भरवी, तिची वेणी घाली, तिच्या अंघोळीचे पाणीही स्वतःच ओती. चौदा वर्षांची झाली तरी धोंडीला साधे शेण कालवता येत नव्हते. कुडाच्या फटीतून सकाळी एक इवलासा सोनेरी कवडसा आत येई. त्यात नाचणारे चिमुकले धूलिकण हेच तिचे सवंगडी होते.

मग त्या वर्षीचा पौष आला आणि वाडीत पुन्हा ताप शिरला.

एके सकाळी येसाई उठलीच नाही. तिचे अंग तव्यासारखे तापले होते आणि दात कडकडा वाजत होते. धोंडीने तिच्या अंगावर दोन्ही गोधड्या घातल्या, स्वतःचे दुसरे लुगडेही घातले. तरी थंडी हटेना. चुलीतला विस्तव केव्हाच विझला होता. धोंडी त्या थंडगार राखेकडे बघत राहिली. मग तिने दाराचा अडसर काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा उंबरा ओलांडला. पायांखालची माती बर्फासारखी होती.

शेजारच्या अंगणात ठकूकाकू तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगंबाई! येसाईची महाराणी बाहेर आली म्हणायची!"

"काकू, आमचा विस्तव विझला. आई कुडकुडते आहे. एक निखारा द्याल का?"

"पेटव की मग. एवढी घोडी झालीस, हाताला मेंदी लावली आहेस का?"

"मला पेटवता येत नाही, काकू."

ठकूकाकूंचे हसू मावळले. त्यांनी बाळाला पदराखाली घेतले. "आईला ताप आहे ना तुझ्या? तापाच्या घरी विस्तव दिला, तर ताप त्याच वाटेने उलटा येतो. माझ्या पदरात हे एवढेसे पोर आहे, बाई. मला पाप लागले तर लागू दे, पण तू जा."

धोंडीने आणखी दोन दारे वाजवली. कुठलेच उघडले नाही. उरले होते फक्त रानाच्या कडेचे एक दार, आणि तिकडे पाहूही नकोस असे आईने तिला सदैव बजावले होते. ती रडत रडत तिकडेच निघाली.

आणि काय आश्चर्य! सारे रान राखी रंगाचे, पानगळीने उघडे पडलेले. पण म्हातारीच्या कुंपणाआड मात्र इवलीइवली फुले झुलत होती. निळी, केशरी, गुलाबी, पिवळीधमक! प्रत्येक पाकळीवर दवाचा एकेक थेंब हिऱ्यासारखा लुकलुकत होता. त्या फुलांच्या मधोमध एक वाकलेली आजी गवत उपटत बसली होती. तिच्या पाठीवर वाळक्या पिंपळपानांसारखे दोन पंख मिटून पडले होते. पानांच्या जाळीतून चांदणे दिसावे तशी मंद रुपेरी चकाकी त्यांच्या शिरांतून दिसत होती.

"आलीस?" आजी वळूनही न पाहता म्हणाली. "वाट पाहून माझे गुडघे दुखायला लागले."

"तू... तू परी आहेस?"

"होय."

"पण परी म्हातारी नसते!"

"मग काय दगड असते? मी परीलोकाच्या परतीच्या वाटेवर होते, बाळ. तेवढ्यात तुझ्या आईने दार वाजवले. सुपातली तू इतकी गोड हसलीस, की माझा हात कोंड्याच्या मडक्यात गेला. परीने माणसाचे मूल मोल देऊन घेतले, की ते मोठे होईपर्यंत तिचे पंख मिटलेले राहतात. आता तू चौदा वर्षांची झालीस खरी. पण मोठी कुठे झालीस?"

धोंडी ओशाळली. मग तिला आईची आठवण झाली आणि तिचा बांध फुटला. "आजी, आईला विस्तव हवा आहे!"

परीचा चेहरा गंभीर झाला. "मागशील ते मी देऊ शकते. पण नियम ऐक. जी गोष्ट तू माझ्याकडून मागून घेशील, ती तुझ्या हातांना पुन्हा कधीही करता येणार नाही. नीट विचार कर."

विचार करायला धोंडीला धीर नव्हता. "दे, आजी! विस्तव दे!"

परीने फुंकर घातली. धोंडी घरी धावत आली तेव्हा चूल धडधडून पेटली होती आणि येसाईच्या निळ्या ओठांवर रंग परत येत होता. परंतु दुसऱ्या दिवशी विस्तव विझला. धोंडीने चकमक घासली, तर ठिणग्या कापसावर पडण्याआधीच काळ्या होऊन गळाल्या. पुन्हा घासली, पुन्हा तेच झाले. आता जन्मभर असेच होणार, हे तिला उमगले.

ती पुन्हा आजीकडे गेली. आजीने बागेतल्या शेगडीतला निखारा खापरीत घालून तिच्या हाती दिला. "हे मागणे नव्हे. शेजारणीने शेजारणीला दिलेला विस्तव आहे. राखेत पुरून ठेव, म्हणजे विझणार नाही."

"आजी, आता मला काही देऊ नकोस. मला शिकव."

त्या दिवसापासून रोज आई झोपली, की धोंडी बागेत येई. आजीने तिला घागर कमरेवर कशी तोलायची ते दाखवले. नाचणीची पेज किती पातळ ठेवायची, ते सांगितले. कडुनिंबावर चढलेली गुळवेल ओळखून तिचा काढा कसा करायचा, तेही शिकवले. पहिली पेज करपली.

"आजी, ही कशी झाली आहे?"

आजीने एक घोट घेतला. "घर लिंपायला उत्तम आहे."

धोंडी खुदकन हसली. घरात ती इतक्या मोठ्याने कधी हसलीच नव्हती. आजीही हसली आणि तिच्या वाळक्या पंखांची कडा क्षणभर चमकली.

पण एके दुपारी येसाईला जाग आली. तिने धोंडीच्या केसांत अडकलेले निळे फूल पाहिले आणि ते कुठले आहे हे ओळखले. ती कशीबशी उठून बसली आणि तिने मुलीचे मनगट धरले. "तिने तुला घेतले! मला ठाऊक होते, ती तुला घेणार! धोंडे, माझी शपथ आहे, त्या दाराबाहेर पाऊल टाकशील तर माझे मेलेले तोंड पाहशील."

दोन दिवस धोंडी बाहेर पडली नाही. गुळवेल संपली, पाणी संपले. तिसऱ्या सकाळी दाट धुके वाडीवर उतरले होते आणि कुठल्याशा घरातून रडण्याचा आवाज येत होता. येसाई आता मुलीला ओळखत नव्हती. ती आपल्या मेलेल्या मुलींना हाका मारत होती आणि तिचा श्वास तुटक झाला होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली. ठकूकाकू उभ्या होत्या. केस मोकळे, डोळे सुजलेले. "धोंडे, बाळ डोळे उघडत नाही गं. तू आईला कसलासा काढा देतेस म्हणतात. मी तुला विस्तव दिला नाही, ठाऊक आहे मला. चार शिव्या घाल, पण काढा दे."

"काकू, काढा संपला. पण आणते," धोंडी म्हणाली. मग ती आईच्या कानाशी वाकली. "आई, तुझी शपथ मोडते आहे. तुला जगवायला मोडते आहे." आणि ती धुक्यात शिरली.

परी कुंपणाशीच उभी होती. धोंडीने तिचे पाय धरले. "आजी, आई चालली! तू तिला वाचवू शकतेस का?"

"शकते. माग."

धोंडीने तोंड उघडले, पण तेवढ्यात तिला तो नियम आठवला. ती हळू आवाजात म्हणाली, "मग माझ्या हातांना पुन्हा कधी कोणाला वाचवता येणार नाही?"

"कोणालाही नाही. तुझ्या हातचा काढा पाणी होईल, तुझ्या हातची पेज कोणाच्या अंगी लागणार नाही."

"काकूंच्या बाळालाही?"

"त्यालाही."

"आणि नाही मागितले... तर आई जगेल?"

परीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ते मला सांगता येत नाही. ती गेली, तर मी तुझ्याजवळ बसेन. यापलीकडचे वचन माझ्यापाशी नाही."

धोंडीला वाटले, मागून टाकावे, डोळे मिटावे, आईच्या कुशीत पुन्हा लहान व्हावे. मग तिने आपल्या हातांकडे पाहिले. त्यांना नुकते कुठे काही येऊ लागले होते.

"नको, आजी," ती म्हणाली. "मला गुळवेल काढायला मदत कर."

तो दिवस फार मोठा होता. धोंडीने घागर भरून आणली, गुळवेल ठेचली, काढा उकळला, आईच्या ओठांत थेंबथेंब सोडला, तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. मग वाटी घेऊन ठकूकाकूंकडे धावली आणि बोटाने बाळाची जीभ ओली केली. तिथून परत आली, तर तिची स्वतःची चूल विझलेली. तिच्या हातून ती पेटणार नव्हती. ती राखेपुढे मटकन बसली. इतक्यात मागून ऊब आली. ठकूकाकू पदराच्या टोकांत खापरी धरून उभ्या होत्या. खापरीत लालबुंद निखारे होते.

"काकू, तापाच्या घरी विस्तव?"

"जळो ती रीत," ठकूकाकू म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच चूल फुंकायला घेतली.

त्या दिवशी वाडीतून एका म्हाताऱ्याची तिरडी निघाली. धुके इतके दाट होते, की नेणारी माणसे दिसली नाहीत. फक्त पावले ऐकू आली. सायंकाळी ठकूकाकूंचे बाळ दुधासाठी रडले आणि ते रडणे ऐकून सारी आळी हसली. त्यानंतर बऱ्याच वेळाने येसाईच्या कपाळावर घामाचे बारीक बारीक मोती फुटले. तिने डोळे उघडले आणि स्पष्ट आवाजात पाणी मागितले.

सकाळी धुके विरळ होत असता एक अनोळखी माणूस दारात आला. त्याने धोंडीला हात जोडले. "धोंडीताई तुम्हीच ना? मी खालच्या वाडीचा. माझी पोर तापाने फणफणली आहे. येता का?"

येसाईच्या अशक्त बोटांनी आपसूक मुलीचे मनगट पकडले. धोंडीने हात सोडवून घेतला नाही. ती थांबली. येसाईची नजर त्या हातावर गेली. तळव्यावर भाजल्याचे डाग होते, नखांत काजळी होती, बोटांना वेलीने चिरा पाडल्या होत्या. हा हात तिने आजवर कधी पाहिलाच नव्हता.

"वाट ठाऊक आहे का तुला?" तिने विचारले.

"नाही. विचारत जाईन."

"आणि परत?"

"येईन, आई."

एकेक करून येसाईने आपली बोटे उकलली. "जा," ती म्हणाली.

त्याच क्षणी रानाच्या कडेला प्रकाश फुटला. आधी निळा, मग केशरी, मग चंदेरी! त्या प्रकाशात दोन विशाल पंख उलगडले आणि त्यांच्यावरून लक्ष लक्ष चांदणकण झरझर खाली सांडले. पंखांमधली वाकलेली आकृती सरळ झाली, तिने एकदाच वळून पाहिले, आणि ती उजेडातच विरघळून गेली. डोंगराची सावली त्या क्षणी वाडीवरून पार मागे हटली होती.

धोंडीला धावत बागेकडे जावेसे वाटले. तिचे डोळे काठोकाठ भरले. पण अंगणात तो माणूस अंग चोरून उभा होता आणि त्याची पोर तापाने फणफणत होती. धोंडीने रानाकडे पाहून हात जोडले, गुळवेलीची जुडी पदरात बांधली आणि ती खालच्या वाटेला लागली.