राजाने लपवलेला जोडा

एका राज्यात घडलेली ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. सांगणारा तिथे हजर होता. तेव्हा त्याचा जन्म व्हायचा होता, एवढीच काय ती अडचण.

तर त्या राज्याची रीत जगावेगळी. घरात माणूस गेले की त्याला चुलीशेजारी निजवायचे आणि भोवती बसून तीन दिवस चिलीम ओढायची, कोडी घालायची, खेळ मांडायचे. कारण एका मांत्रिकाचा जुना शाप होता: मेलेल्याला हसून निरोप मिळाला नाही, तर त्याच्या घरचा अग्नी थंड पडेल. आणि राजाचे घर म्हणजे सारे राज्य.

राजा वज्रबाहू गेला, तेव्हा राजकन्या वैदूर्येला ही रीत गावंढळ वाटली. तिने खेळ बंद केले, खिडक्या लावून घेतल्या आणि डोळ्यांतून टिपूस न काढता ताठ बसून राहिली. दुसऱ्या दिवशी राज्यातल्या साऱ्या चुली थंडावल्या. जाळ उठे, पण भाकरी भाजेना; पोरे जाळात हात घालून कुडकुडत बसली.

तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यातली मैना म्हणाली, "खिडकी उघड."

राजकन्येने उघडली. वारा आला, ऊब आली नाही.

"आता जोडा खेळ."

राजाचा जोडा गोलात बसलेल्यांनी पाठीमागून सरकवायचा, मधल्याने शोधायचा. राजकन्या मधे उभी राहिली. तिने प्रधानाचे हात धरले, रिकामे. आचाऱ्याचा पंचा झटकला, काही नाही. तेवढ्यात कोणी तिच्याच पाठीत त्या जोड्याची टाच हाणली.

घोड्यांची निगा राखणारा म्हातारा मोतद्दार रखमाजी म्हणाला, "बाईसाहेब, राज्य घावलं, जोडा घावंना व्हय?"

दमून ती बापाशेजारी टेकली. जोडा राजाच्या हाताखाली होता. तिथे कोणी ठेवला, कोणालाच ठाऊक नव्हते. पण खेळात लबाडी करायची राजाची खोड जुनीच. राजकन्या हसली. हसता हसता तीन दिवसांचे रडू फुटले, आणि चुलीतून ऊब आली. राजाच्या छातीवरून एक पांढरी पाकोळी उठली, खिडकीबाहेरच्या कठड्यावर बसली आणि वळून आत पाहू लागली.

मैना म्हणाली, "आता खिडकी लाव. महाराज परत आत आले, तर चुली पुन्हा थंडावतील."

राजकन्येने कडी धरली. निघणाऱ्याला 'यावं' म्हणतात. तोंडात तेच आले होते. ते तिने गिळले.

"जावं आता, आबासाहेब," ती म्हणाली, आणि खिडकी लावली.

त्या दिवशी घरोघर भाकऱ्या टम्म फुगल्या.

यातली मैना तेवढी पदरची. पक्षी कुठे बोलतात? खिडकी लावायला राजकन्येला कोणीच सांगितले नव्हते.