सतरा मिशा आणि एक दाढी

एकदा एक गुरुजी होते आणि त्यांच्याकडे जादू शिकायला एक कार्टी होती. गुरुजींचं नाव दाजीबा, दाढी थेट बेंबीपर्यंत. कार्टीचं नाव बकुळा, वय चौदा, आणि गप्प बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं.

दाजीबांच्या घराण्याची एक रीत होती. शिष्याला आधी फक्त वस्तू उडवायचा मंत्र शिकवायचा. ती खाली आणायचा मंत्र, म्हणजे उतारा, तीन वर्षांनी. तोवर काही उडालं की गुरुजींना हाक मारायची. बकुळानं वर्षभरात लोटे उडवले, टोपल्या उडवल्या, एकदा शेजारणीची शेळी उडवली. दर वेळी दाजीबा डुलत डुलत यायचे, चुटकी वाजवायचे आणि लोक म्हणायचे, वा गुरुजी.

मग गावात केरबाचं लग्न निघालं. लग्नाच्या सकाळी मांडवात केरबा, त्याचा बाप, काका, मामा, झालंच तर गावचे पाटील, असे सतरा जण मिशांना तेल लावून ओळीनं बसले होते. बकुळा समोरून निघाली तसं केरबानं तिला छेडलं, की शेळीच्या वर काही येतं का गं तुला?

आता हे असं विचारायचं असतं का? बकुळानं मंत्र म्हटला. सतराच्या सतरा मिशा फुर्रकन उडाल्या आणि समोरच्या चिंचेवर चिमण्यांसारख्या जाऊन बसल्या. आधी पोरं हसली, मग बाया हसल्या, आचारी झारा टाकून हसायला बाहेर आला. बकुळाला स्वर्ग दोन बोटं उरला.

तेवढ्यात नवरीकडच्या बैलगाड्या वेशीतून आत आल्या.

त्या मुलखात पुरुष मिशी उतरवतो ती घरात कुणी गेलं तरच. नवरीच्या आजोबांनी गाडीतूनच ती सपाट तोंडं पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. सुतकात लग्न कसं लागायचं? त्यांनी बैल वळवायला सांगितले. केरबाचा बाप गाडीमागं पळत सांगत होता, की अहो मी जिवंत आहे, बघा, पळतोय. आजोबा म्हणाले, मग दुसरं कुणी गेलं असेल, एवढ्या मिशा उगाच जात नाहीत. गाडीत नवरी हुंदके देऊन रडायला लागली. ते ऐकलं आणि बकुळा हसायची थांबली.

दाजीबा आले. पाटील वरच्या ओठावर उपरणं धरून म्हणाले, की हिला आजच्या आज तिच्या गावाला धाडा, पुन्हा हिच्या तोंडी मंत्र नको. बकुळा मान खाली घालून उभी. आता गुरुजी चुटकी वाजवतील, असं तिला वाटलं. पण दाजीबा सरळ मांडवाच्या कोपऱ्यात बसलेल्या न्हाव्यापुढं जाऊन बसले.

"काढ," ते म्हणाले. "दाढी, मिशी, सगळं."

न्हाव्याचा हात उचलेना. त्याच्या बापानंही कधी त्या दाढीला वस्तरा लावला नव्हता. दाजीबांनीच त्याचा हात धरून हनुवटीवर ठेवला. थोड्या वेळानं ते गुळगुळीत तोंडानं, पोरांनी वेशीतच अडवून धरलेल्या गाडीपुढं उभे राहिले. हनुवटी इवलीशी, बाळासारखी.

"आजोबा, कुणी गेलं नाही. मिशा पोरीनं उडवल्या, ती तिची खोडी. पण उतारा तिला येत नाही, तो माझा अपराध. तिला तो आला असता तर मला कुणी हाक मारली नसती, आणि ती हाक मला फार गोड लागायची. रीतीचं नाव पुढं केलं इतकंच. आणि पाटील, हिला धाडायचं असेल तर मलाही धाडा."

मग त्यांनी बकुळाला जवळ घेतलं आणि सगळ्यांदेखत तिच्या कानात उतारा सांगितला. त्यात एक अट होती. ज्याची वस्तू, त्याच्या डोळ्यांत बघूनच मंत्र म्हणायचा.

बकुळा एकेकापुढं गेली. चुकले म्हणाली, तर केरबा म्हणाला, आधी मिशी दे, मग चुकले म्हण. घाईत पाटलांना मामांची बारकुडी मिशी लागली आणि ते उंदरासारखे दिसायला लागले. तेव्हा मात्र आजोबांनाही हसू आवरेना. बैल पुन्हा वळले. लग्न लागलं.

पंगतीत जिलब्या वाढता वाढता बकुळा गुरुजींपाशी थबकली.

"दाढी मंत्रानं उडवायची ना, गुरुजी. मी आत्ता परत लावून दिली असती."

"म्हणूनच वस्तऱ्यानं काढली," दाजीबा म्हणाले. "परत मिळणारी वस्तू दिली असती, तर उद्या सकाळी विसरलो असतो. आता ही वाढेपर्यंत रोज इथं हात जाईल आणि आठवेल, की पोरीला आपण अर्धीच विद्या दिली होती. माझा वाटा हा असा फिटेल. तुझा तू बघ."

"मी सतरा जणांच्या डोळ्यांत बघितलं की."

"त्यात कुणाकडं बघणं सगळ्यात जड गेलं?"

बकुळा नखानं ताट खरवडत राहिली. त्या सतरांत असं कुणी नव्हतंच. गाडीकडं मात्र तिनं अजून बघितलं नव्हतं.

तिनं ताट उचललं आणि नवरी बसली होती तिकडं गेली. तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "वहिनी, तुमचं रडू मला ऐकू आलं होतं."

नवरी तिच्याकडं बघत राहिली. मग जरा सरकली आणि बकुळाला बसायला जागा केली.