गोधडीतलं लाल फूल

कधीची गोष्ट ते विचारू नका, खूप खूप आधीची आहे. लहानांनी पुढं सरकून बसा. मोठ्यांनीही ऐका, कारण ऐकून झोप मोठ्यांचीच उडते.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला लागून तांड्यांची वाट जायची. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून माणसं त्या वाटेनं दूर देशी जात, आणि नशीब असलं तर परत येत.

त्या गावात गोजरा नावाची एक बाई राहायची. गोधड्या शिवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. घरोघरच्या बायका जुन्या कपड्यांची गाठोडी तिच्या ओसरीवर आणून टाकायच्या, आणि गोजरा त्यातून ऋतू निवडायची. हो, ऋतूच! उन्हाळ्यासाठी धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर, दोनच पदरी, वाऱ्याला वाट देणारं. पावसाळ्यासाठी गडद रंगाची पातळ लुगडी, एका उन्हात वाळतील अशी. आणि थंडीसाठी जाड खणांचे, चोळ्यांचे, बंड्यांचे तुकडे वर जोडायचे, आत फाटक्या घोंगडीचा थर घालायचा, आणि कडेपासून मध्यापर्यंत चौकोनात चौकोन असे धावदोरे टाकत जायचे.

"नवं कापड आणू नका गं," ती बजावायची. "नवं कापड धुतलं की आटतं, आणि शेजारच्या जुन्याला ओढून फाडतं."

आता त्या गावचा एक रिवाज सांगते. तो समजला नाही तर पुढचं काहीच समजणार नाही.

तांड्याबरोबर जाणारा माणूस आपलं एखादं वस्त्र घरी ठेवून जायचा. ते खुंटीवर राहायचं. घरची बाई दर ऋतूला त्याला ऊन दाखवायची, झटकायची, पुन्हा अडकवायची. त्याला कात्री लावायची नाही. माणूस आलाच नाही, आणि बाईच्या मनानंच आशा सोडली, तर तिनं स्वतःच्या हातानं ते वस्त्र कापून गोधडीला द्यायचं. मग गाव समजून जायचं. तिला कुणी एक प्रश्न विचारायचा नाही. तिनं दुसरं घर केलं तरी नाही. एक अक्षर न बोलता सगळं सांगून व्हायचं.

त्या वर्षी गोजरा थंडीची गोधडी करायला बसली. कडेला काळ्या चंद्रकळेचे चौकोन, मग हिरवे, मग हळदी. असे रंग जुळून आले की तिची तीच खूश झाली. फक्त मधलं फूल राहिलं होतं, आणि त्या फुलाला लाल हवा होता. लुगड्याचा जुना काठ लावून पाहिला, तो विटका दिसला. एका चोळीचा तुकडा लावला, त्याचा रंग ओल्या बोटाला लागला. बाजारातलं लाल तर नवंकोरं, ते चालणार नव्हतं.

जेवताना, पाणी भरताना, तिला तेवढं एक रिकामं भोक दिसत राहायचं. आणि एके दिवशी ती सगुणाच्या घरी ताक मागायला गेली, तर समोर खुंटीवर लाल!

तो रावजीचा पटका होता. रावजी म्हणजे सगुणाचा नवरा. मिठाच्या तांड्याबरोबर गेला होता, आणि इतके ऋतू उलटले होते की गावातल्या बायका सगुणाकडे बघताना आवाज खाली आणायच्या. हा पटका त्यानं कुठल्याशा लांबच्या मुलखातून आणला होता. किती धुतला तरी डाळिंबाचा दाणा उजेडात धरावा तसा त्याचा रंग. तसा दुसरा लाल त्या गावात नव्हताच. "आल्यावर बांधीन," असं म्हणून तो अडकवून गेला होता.

"सगुणे, हा पटका मला दे की," गोजरा म्हणाली.

सगुणानं ताकाचं भांडं खाली ठेवलं. "आक्का! असं कसं बोलता? ते यायचेत अजून."

"अगं, कापायला नाही. रंग जुळवायला. रंगाऱ्याला दाखवते आणि आणून देते. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"तुमच्यावर नाही तर कुणावर ठेवू?" असं म्हणून सगुणानं पटका काढून दिला. वर म्हणाली, "जपून हं."

गोजरा रंगाऱ्याकडे गेलीच नाही! घरी आली, दार लोटलं, पटक्याचं आतलं टोक उलगडलं. हे टोक डोक्याला बांधताना सगळ्यात आत जातं, कुणाला कधी दिसत नाही. 'वीतभर तर कापड,' ती मनाशी म्हणाली. 'पाच पाकळ्यांत कोण ओळखणार? आणि तो कुठला यायला आता!'

आणि तिनं कात्री चालवली. पटका पहिल्यासारखा घडी घालून, वर "रंग नाही गं जुळला," असं सांगून परत दिला.

थंडी सुरू झाली की गावातल्या सगळ्या गोधड्यांना एकाच दिवशी ऊन दाखवायचं. गावाच्या कुंपणावर, तांड्याच्या वाटेच्या कडेनं, ओळीनं गोधड्या पसरायच्या. बायका हसत खिदळत एकमेकींचे टाके बघत हिंडायच्या. गोजराच्या गोधडीपाशी तर गर्दीच झाली.

"गोजरे, ही पांघरून झोपायचं की हिच्याकडं बघत जागं राहायचं?"

"नवऱ्याला देऊ नकोस गं, घोरून घोरून टाके उसवायचा!"

"पण हा लाल कुठला?" एकीनं विचारलं.

"बाजारातला," गोजरा म्हणाली. एवढं सहज म्हणाली की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

सगुणा तेवढी आली नव्हती. तिच्या सासूला ताप होता, आणि ती सासूच्या उशाशी होती.

दुपार झाली. बायका जेवायला पांगल्या. कुंपणापाशी राहिली एक शेळ्या राखणारी म्हातारी.

तेव्हा वाटेनं एक माणूस आला. दाढी वाढलेली, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या, खांद्यावर गाठोडं. पाय ओढत होता, पण गाव दिसलं तशी त्याची चाल वाढली. कुंपणापाशी मात्र तो एकदम थांबला. गोजराच्या गोधडीतलं मधलं फूल त्यानं बोटांनी चाचपलं. मग वाकून त्याचा वास घेतला.

"आजी, ही गोधडी कुणाची?"

"शिवणारी गोजरा. कापड ज्याच्या त्याच्या घरचं," म्हातारी म्हणाली. मग तिनं डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं. "अरे देवा! तू रावजी ना रे?"

"नव्हे," तो म्हणाला. "रावजीचं कापड गोधडीत गेलं."

त्यानं गाठोडं म्हातारीच्या हातात दिलं. "हे सगुणाला द्या. कुणी दिलं ते सांगू नका. तिचा दोष नाही, फार वाट बघितली असेल तिनं." आणि जिकडून आला तिकडं तो वळला! गावात पाऊलसुद्धा न टाकता! आपण दारात उभं राहिलो तर बायकोनं मांडलेला दुसरा संसार मोडेल, असं वाटून तो भला माणूस परत निघाला.

म्हातारी शेळ्या तिथंच सोडून, गाठोडं घेऊन गावात धावली. तिच्या ओरडण्यानं घरं रिकामी झाली. "अगं सगुणे, तुझा नवरा आला होता! आला आणि गेला!"

सगुणाला आधी कळेचना. हसावं की रडावं, तेही कळेना. "गेले? घरी न येता? का?"

"तूच कापून दिलास ना त्याचा पटका?" म्हातारी म्हणाली. " गोधडीत बघितला त्यानं!"

सगुणानं खुंटीवरचा पटका ओढला, सगळ्यांसमोर उलगडला. उलगडता उलगडता आतलं टोक वर आलं आणि ते सरळ कात्रीनं कापलेलं होतं. अंगणातले लोक बघायला पुढं सरकले.

सासू तापातून उठून दाराशी आली. "सटवे! माझा लेक जिता असताना त्याला कापलंस? दुसरा घरोबा करायचा होता, तर तोंडानं बोलायचं होतंस!"

"नाही हो आत्याबाई! शपथ!" सगुणानं गर्दीत नजर फिरवली आणि तिला गोजरा दिसली. तिच्या जिवात जीव आला.  तिला अजून वाटत होतं की ही आपल्या बाजूची! "आक्का, तुम्ही नेला होतात ना रंग जुळवायला? तेव्हा अखंड होता ना? सांगा ना यांना!"

सगळे गोजराकडे वळले.  खरं बोललं तर काय होईल, ते तिला लख्ख दिसलं. आणि ती म्हणाली,

"मी... मी परत दिला तेव्हा नीट होता. तुकडा नंतर तिनंच दिला."

 सगुणा भांडली नाही. रडलीही नाही. पटका छातीशी धरून अनवाणी वाटेला लागली आणि पळत सुटली. मागून सासूचे शिव्याशाप, लोकांची कुजबुज.

गोजराला वाटलं होतं, आता पायाखालची जमीन स्थिर होईल. पण झालं उलटंच. सगुणाची पाठ लहान लहान होत गेली, तसं तिला तिथं उभं राहवेना. तिनं कुंपणावरची गोधडी ओढली आणि तीही धावली. काट्यांत अडकून गोधडीचा काठ टरकन फाटला. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

नदीच्या उताराला, रावजी ज्याच्याबरोबर आला तो तांडा पुढं निघायच्या तयारीत होता. रावजी बैलाची दोरी धरून उभा होता. सगुणा त्याच्यापुढं उभी राहून धापा टाकत सांगत होती, "मी नाही कापला, मी नाही."

तो तिच्याकडे बघत नव्हता. "तुला कोण बोलतंय? सुखात राहा. असं पळत यायचं नाही, लोक नावं ठेवतात."

"मी कापला," मागून आवाज आला.

दोघं दचकून वळले. गोजरा वाळूत गुडघ्यांवर बसली होती. तिनं गोधडी पुढं टाकली. "मी कापला, चोरून. तिला माहीतसुद्धा नव्हतं. मला फुलासाठी लाल पाहिजे होता."

"फुलासाठी?" रावजी म्हणाला. तो गोधडीवर वाकला. "फुलासाठी?"

सगुणा एक पाऊल पुढं आली. "आणि मघाशी मी चारचौघांत विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही खोटं बोलले," गोजरा म्हणाली.

कुणी तिच्या अंगावर धावून गेलं नाही. कुणी तिला उठवलंही नाही. सगुणानं डोळे पुसले आणि ती नवऱ्याकडे वळली. ती म्हणाली, "आणि तुम्ही? वीतभर कापडावर विश्वास ठेवलात. मला एका शब्दानं विचारलं नाहीत!"

रावजीनं दोरी सोडली.  सगुणा पुढं चालू लागली, आणि तो तिच्या मागून, मान खाली घालून, आपल्या घराकडे गेला. त्या घरात हसण्याचा आवाज यायला पुढं बरेच दिवस लागले, पण आला.

गोजरा गावात परतली, तोवर खरं काय ते गावभर झालं होतं. चावडीवर बोलावणं येईल, दंड होईल, म्हणून ती वाट बघत बसली. कुणीच बोलावलं नाही. संध्याकाळी एक बाई आली, ओसरीवरच्या ढिगातून आपलं गाठोडं शोधलं, उचललं आणि गेली. मग दुसरी आली. मग तिसरी. कुणी रागानं बोललं नाही, कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही. बघता बघता ओसरीची फरशी दिसायला लागली. इतक्या वर्षांत ती फरशी कुणी पाहिली नव्हती.

शेवटी एकच गाठोडं उरलं, घरातलंच, तिच्या जावेचं. गोजराला वाटलं, हे तरी राहील. तेवढ्यात आतून जाऊ आली आणि गाठोड्यात हात घालून तिनं आपल्या लेकाची बंडी बाहेर काढली.

"जाऊबाई," गोजरा म्हणाली, "तुम्हीसुद्धा?"

"रागावू नकोस गं," जाऊ बंडी पोटाशी धरत म्हणाली. "ही आता खुंटीवर ठेवायचीय. माझा लेक उद्या सकाळी दुसऱ्या तांड्याबरोबर निघालाय."

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढंच मनात ठेवा: दुसऱ्याच्या आशेला कात्री लावून केलेली वस्तू कितीही सुंदर असली, तरी तिची ऊब कुणालाच मिळत नाही.