पातेल्यातली टाकी

“माझं काही चुकलं का हो, नाना? लग्नाला दीड महिना झाला, आणि ‘हो’, ‘नाही’ यापलीकडे ती बोलतच नाही.”

हे मी ऐकायचं नव्हतं. मी टाकीमागे होते, हातात चहाचे कप.

तीस वर्षं त्र्यंबकनानांनी दुसऱ्यांच्या टाक्यांमधली वाइन सांभाळली होती. दिंडोरीच्या माळावरच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते आज पहिल्यांदाच आले होते. माझ्या नवऱ्यानं, हर्षदनं बोलावलं म्हणून.

“टाकीचं सांग,” ते म्हणाले.

“टाकीही गप्पच आहे. थंडीची लाट आली आणि आंबणं मधेच थांबलं. गोडी अजून शिल्लक. आठशे लिटर कॅबरने द्राक्षाची वाइन, नाना. पहिलंच वर्ष. दोन-तीन दिवसांत सुरू झालं नाही, तर सगळं नासेल.”

“काय केलंस?”

“यीस्टचं पाकीट टाकलं. उठलं नाही, म्हणून दुप्पट टाकलं.”

“आणि तिच्यासाठी?”

“महाबळेश्वरला नेलं. नवा मोबाईल घेतला. ओळख व्हावी म्हणून सगळ्या आत्या-मावश्यांना एकाच दिवशी जेवायला बोलावलं. बावीस माणसं.”

तेवीस होती. पोळ्या मी लाटल्या होत्या.

मी चहा घेऊन पुढे झाले. हर्षद गडबडीनं टाकीची तोटी पुसू लागला.

“सूनबाई,” नाना म्हणाले, “मोठं पातेलं आण. आणि कोमट पाणी. हाताला सोसेल इतकंच.”

आणलं. नानांनी त्यात थोडी साखर, थोडं यीस्ट टाकलं. अर्ध्या तासात पातेल्यावर फेस चढला.

“उठलं!” हर्षदनं पातेलं उचललं. “ओतू टाकीत?”

“ओत की. टाकी तुझी.”

त्याचे हात थबकले.

“पाकिटावर तर असंच लिहिलंय, नाना. आणि वाइनच्या कोर्सला आम्हाला...”

“पाकिटावर तुझ्या टाकीचं नाव आहे?”

“...नाही.”

“टाकी कशी आहे?”

“गार. आंबट. अल्कोहोल चढलेलं.”

“आणि हे?”

“कोमट. गोड.”

नानांनी त्याच्या हातातलं पातेलं काढून माझ्यासमोर ठेवलं. त्याच्या हातात पेला दिला.

“पातेलं टाकीत नाही ओतायचं. टाकी पातेल्यात ओत.”

हर्षद हसला. मग नाना हसत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं.

त्यानं तोटीतून पेलाभर वाइन काढली, पातेल्यात घातली. फेस झटकन बसला.

“मेलं!”

“दचकलं,” नाना म्हणाले. चहा प्यायले. डोळे मिटून घेतले.

आम्ही दोघं पातेल्याशी बसून राहिलो. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती. हर्षदनं बघितलं, सरकला, ती माझ्याकडे येऊ दिली.

बऱ्याच वेळानं कडेला एक बुडबुडा आला. मग दोन.

“घाल,” नाना डोळे न उघडता म्हणाले.

दुसरा पेला. फेस पुन्हा खाली. पुन्हा वाट बघणं...

“बाबा म्हणाले होते, कॅबरने लावू नको,” हर्षद अचानक म्हणाला. माझ्याकडे न बघता. “उशिरा पिकतं, लाड फार. मी ऐकलं नाही. आता रोज सकाळी शेडचं दार उघडण्याआधी दोन मिनिटं बाहेरच उभा राहतो. कुणाला सांगितलेलं नाही.”

मी त्याच्या स्वेटरच्या बाहीला लागलेली द्राक्षाची साल काढून टाकली.

तिसऱ्या पेल्यानंतर फेस लवकर वर आला. हर्षद ताडकन उठला. दोन्ही हातांनी पातेलं धरलं.

“आता ओततो! आता काय हरकत आहे, नाना?”

नानांनी डोळे उघडले. पातेल्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिले.

मी पातेल्याला तळवा लावला. कोमटपणा आता कमी झाला होता. फेस मात्र हलत होता, बारीक, अजून बिचकत.

“अहो, ठेवा ते खाली,” मी म्हणाले. “अजून दोन पेले तरी लागतील. बसा दोघंही. मी सांगते केव्हा ते.”