चिमटीत न मावणारी फोड

एकदा एका गावात पंगती वाढणारा एक म्हातारा होता, दाजीबा. शाळा तिसरीत सुटली, पण चाळीस वर्षे त्याने देवळाच्या उत्सवात पाने वाढली. तोंडाचा फटकळ. शहाणपण घ्यायला गेलेला माणूस आधी शिव्या खाई, मग शहाणपण.

त्याच्या हाताखाली वाढायला शिकलेली मृण्मयी पुढे मोबाइलच्या स्क्रीन रचू लागली. कुठली अक्षरे कुठे, कुठले बटण कुठे, हे ठरवण्याचे काम. तालुक्याच्या रुग्णालयासाठी तिने डायलिसिसची पाळी लावण्याची सोय केली. वर रुग्णाचे नाव, मध्ये मोकळ्या वेळांची यादी, खाली दोन बटणे: 'पाळी पक्की' आणि 'पाळी रद्द'. तिच्या टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर ते फार देखणे दिसे. केरूनाना नावाच्या म्हाताऱ्या रुग्णाच्या लहान फोनवर मात्र बटणे तिळाएवढी झाली. नानांचे बोट पडले 'रद्द'वर. दहा कोसांवरून आलेल्या नानांना त्या दिवशी मशीन मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी कशीबशी सोय झाली. रुग्णालयाच्या डॉक्टरीणबाईंनी मृण्मयीला स्पष्ट सांगितले, "सोमवारपर्यंत नीट झालं तर ठीक. नाहीतर आपली वही आणि रांग बरी."

मृण्मयी दाजीबाच्या ओट्यावर येऊन बसली आणि फोन दाखवून तिने सगळा प्रकार सांगितला.

"दाजी, मी सगळ्यांना सारखा न्याय दिला. फोन निम्मा, तर प्रत्येक गोष्ट निम्मी. यात माझं काय चुकलं?"

"जेवलीस?"

"नाही."

"बस मग."

म्हाताऱ्याने आतून चहाची बशी आणली आणि त्या बशीतच अख्खे ताट वाढले. मिठाचे चार कण. नखाएवढी लिंबाची फोड. काडीच्या टोकावर मावेल एवढी चटणी. वाटाण्याएवढी भाजी. चमचाभर भात, वर थेंबभर वरण. जागा सगळ्या बरोबर, क्रमही बरोबर.

"थट्टा करताय का माझी?"

"सारखा न्याय केलाय. पीळ लिंबू."

तिने फोड चिमटीत धरली. निसटली. पुन्हा धरली, तर निसटून वरणात पडली.

तेव्हा दाजीबा म्हणाला, "अगं येडे, ताट लहान झालं म्हणून खाणाराची बोटं लहान होतात का? लिंबाची फोड चिमटीला बेतून कापायची असते, पानाला बेतून नाही. देवळात केळीचं अख्खं पान असतं, तिथं मीठ मूठभर वाढतेस का?"

"नाही. चिमूटभरच."

"का? माणसाची जीभ तेवढीच राहते म्हणून. मीठ, लिंबू ही मापाची मंडळी. त्यांना ओढायचं नाही, दाबायचं नाही. भात तेवढा समजूतदार. पान मोठं असलं की ऐसपैस बसतो, लहान असलं की अंग चोरतो. तो अंग चोरतो म्हणून बाकीच्यांना जागा राहते. तू भाताचा नियम लिंबाला लावलास."

"पण भातानं तरी किती अंग चोरायचं? माझी यादी चाळीस ओळींची आहे."

"पातेलंभर भात एका पानावर ओततेस का? पहिली वाढ, मग दुसरी वाढ. हवा त्याला पुढचा मिळतो. आणि काय गं, 'पक्की'ला 'रद्द' चिकटवून ठेवलंस? खिरीला चटणी लावून वाढायला मी शिकवलं होतं?"

मृण्मयी हसली.

"म्हणजे यादीतल्या तीन-चारच वेळा दिसू द्यायच्या. बाकीच्या बोटानं सरकवल्या की येतील."

"ते तुझं तू बघ. त्या डबड्यातलं मला काही कळत नाही. हात धू, नीट वाढतो."

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी केरूनानांच्याच हातात फोन दिला. नानांनी अक्षरे मोठी करून घेतली होती. यादी आकसून तीन ओळींची झाली, पण 'पक्की' बोटभर रुंद राहिले, आणि 'रद्द' पार दुसऱ्या कडेला. नानांनी यादी सरकवली, एका वेळेवर बोट ठेवले, मग बटण दाबले. गुरुवार, सकाळी नऊ. पाळी पक्की.

"झालं?" नानांनी विचारले.

"झालं, नाना."

"एवढंच होतं तर," म्हणत ते काठी टेकत उठले. बाईंनी वही कपाटात ठेवली.

सगळ्यांना सारखे आवळणे याला न्याय म्हणत नाहीत. कोणाला आवळता येते आणि कोणाला नाही, एवढे ओळखले की जागा पुरते.